पडद्यामागील सेवा
(सुलतानपूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात नाट्यप्रयोग झाला म्हणजे टाळ्या पात्रांना मिळतात, आणि त्या मिळाव्यातच. परंतु पडदे कोणी बांधले, सतरंज्या कोणी अंथरल्या, वर्गणीचा हिशेब कोणी ठेवला, याची विचारपूस सहसा होत नाही. आज आम्ही अशाच एका कार्यकर्त्याविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे. ते आपल्या वऱ्हाडातले नव्हेत, मुंबईचे. तथापि त्यांचे उदाहरण लहान गावाला अधिकच लागू पडते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीता स्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. पुढे नाटक मंडळ्यांचे वैभव महाराष्ट्राने पाहिले. परंतु १९३२ साली मराठी बोलपट आला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कित्येक मंडळ्या बंद पडल्या. नाटकगृहांतून चित्रपट दिसू लागले. नाटक आता संपले, असे जाणतेही म्हणू लागले.

अशा पडत्या काळात डॉ. अमृत नारायण भालेराव पुढे आले. पेशाने ते वैद्यकी करणारे. त्यांची ख्याती नट म्हणून नव्हे, नाटककार म्हणूनही नव्हे, तर संयोजक म्हणून. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे ते प्राणच होते. नाट्यशताब्दीचा सोहळा १९४३ साली सांगलीस झाला; पाठोपाठ १९४४ साली मुंबईत संघाने मोठा नाट्यमहोत्सव भरविला. त्यामागे डॉक्टरांचीच तळमळ होती. नाटकाला हक्काची जागा हवी, हे त्यांनी ओळखले. गिरगावात केळेवाडीत संघाचे नाट्यगृह १९६४ साली उभे राहिले. ते पाहण्यास डॉक्टर हयात नव्हते. त्या वास्तूला त्यांचे नाव मात्र दिले गेले.

बंधूंनो, यात आपण काय घ्यावे? नाटक गुणी नटांवाचून रंगत नाही, हे खरे; परंतु कार्यकर्त्यांवाचून ते उभेच राहत नाही. आपल्याकडे तरुणांना बोलावले तर पहिला प्रश्न येतो, "भूमिका कोणती?" खुर्च्या मोजून घेण्यास, उसने आणलेले सामान सकाळी ज्याचे त्याला पोचविण्यास मात्र तीच दोन-चार वयस्क माणसे उरतात. ही माणसे थकली म्हणजे पडदा उचलणार कोण? ज्याने हे काम वर्षानुवर्षे केले, त्याच्याजवळ बसून ते कोणी शिकून घेतले नाही, तर त्याच्याबरोबर प्रयोगही थांबेल. हारतुऱ्यांनी ही उणीव भरून निघत नाही.

म्हणून आमची एकच विनंती आहे. यंदा प्रत्येक घराने वर्गणीबरोबर एक माणूस द्यावा, मुलगा वा मुलगी, आणि तो पडद्यामागील कामासाठी द्यावा. हिशेबाची वही आणि पडद्याची दोरी, या दोन वस्तू तरुण हातांत गेल्या म्हणजे आपल्या जुन्या कार्यकर्त्यांचा खरा सत्कार झाला, असे आम्ही समजू.