फोटोमागे नावं लिहा
(शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



या स्मरणिकेसाठी आम्ही घरोघर जुने फोटो मागत फिरलो. कुणी भिंतीवरची तसबीर उतरवून दिली, कुणी ट्रंकेच्या तळातून पाकीट काढलं. आपल्या जुन्नर-आंबेगावची माणसं मुंबईला गेली, कुणी जेवणाचे डबे पोचवायला, कुणी गिरणीत, कुणी बाजारात. म्हणून पुष्कळ फोटो तिकडच्या स्टुडिओतले आहेत. मागं रंगवलेला पडदा, पुढं खुर्ची, डोक्याला फेटा. वारीतले फोटो मात्र उन्हातले. जुन्यात बैलगाडी, नंतरच्यात ट्रक, अलीकडच्यात पाण्याचा टँकर. गाडी बघून काळ अदमासानं कळतो.

काळ कळतो, माणूस कळत नाही. फोटो पुढं धरला की थोरली मंडळी विणेकरी ओळखतात, पखवाजवाले ओळखतात. डोक्यावर तुळस घेतलेली बाई कोण, असं विचारलं तर उत्तर येतं, "अमक्याची आई", "तमक्याच्या घरची". मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, पण आपल्याच पणजीचं नाव घरात कुणाला सांगता येत नाही. आणि फोटो निघाला तेव्हा मुक्कामावर भाकरी थापत बसलेली, किंवा घरी गुरं राखून दुसऱ्याला वारीला पाठवणारी, ती तर फोटोतही नाही.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. पंढरीला पायी गेलेली सगळीच माणसं विठ्ठलाच्या पायापर्यंत पोचत नव्हती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा ते दार सर्वांना उघडलं. त्याआधी कित्येकांची वारी महाद्वारात, चोखोबांच्या समाधीपाशीच थांबायची. तेही वारकरीच. फोटो काढायला त्यांना कोण बोलावणार? म्हणून त्यांच्या घरी जाऊन आठवणी विचारा, नावं लिहून घ्या. शंभर वर्षांची यादी त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

आता काम सांगतो. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं, डावीकडून उजवीकडं नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढं उमटतो. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असला तर तो झाकू नका, फोटो कुठला ते त्यावरून कळतं. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकटच दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाईलवर उतरवून घ्या. मूळ फोटो लॅमिनेट करू नका. ओल येणाऱ्या भिंतीवरून आणि धुरापासून लांब ठेवा.

आणि हे वारीहून आल्यावर करू, असं म्हणू नका. ओळखणारे डोळे आता थोडे उरलेत. आजच रात्री आजीजवळ बसा, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवा, विचारा. ती नाव सांगता सांगता गोष्टही सांगेल, कोण कुठल्या मुक्कामाला आजारी पडला, कुणी कुणाला खांद्यावर घेतलं. तेही लिहा.

नामाचा महिमा आपण रोज गातो. ज्यांनी तो आपल्यापर्यंत आणला, त्यांची नावं आपल्या हातून पुसली जाऊ नयेत, एवढंच मागणं.

राम कृष्ण हरी!