फ्रेडची



आज गटाच्या हिशेबावर नाही, एका कादंबरीवर बोलणार आहे. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अॅटवूड यांची 'द हँडमेड्स टेल', म्हणजे दासीची कहाणी. ती १९८५ साली प्रसिद्ध झाली.

गोष्ट अमेरिकेतली. धर्माचं नाव घेऊन काही माणसं राज्य ताब्यात घेतात आणि देशाचं नाव गिलियाद ठेवतात. तिथे मुलं जन्मणं कमी झालेलं असतं. म्हणून ज्यांना मूल होऊ शकतं अशा बायकांना मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी दासी म्हणून ठेवतात, त्यांच्यासाठी मूल जन्माला घालायला. दासींनी लाल घालायचं, मालकिणींनी निळं, घरकाम करणाऱ्यांनी हिरवं. आपल्याही गटाची एकसारखी साडी असते, मेळाव्याला आपण हौसेनं नेसतो. पण ती संध्याकाळी घरी येऊन बदलता येते, एवढा फरक आहे.

मला सगळ्यात जास्त लागला तो खात्याचा प्रसंग. कथा सांगणारी बाई ग्रंथालयात नोकरी करत असते. एके दिवशी दुकानात तिच्या खात्याचा नंबर चालत नाही. त्याच दिवशी कामावरच्या सगळ्या बायकांना घरी पाठवतात. मग मैत्रिणीकडून कळतं की बायकांची खाती गोठवली आहेत, आता पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या हातात. तिचा नवरा वाईट नाही. मी तुला सांभाळीन असंच तो म्हणतो. पण त्याला यात फारसं काही गेल्यासारखं वाटत नाही, हे तिच्या लक्षात येतं. "तुला काय कमी आहे?" हे आपल्याकडेही प्रेमानंच विचारतात, नाही का?

खातं गेलं, नोकरी गेली, मग वाचणंही बंद. दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं नाहीत, नुसती चित्रं. शेवटी नाव जातं. फ्रेड नावाच्या अधिकाऱ्याच्या घरी ठेवलेली ती ऑफ्रेड, म्हणजे 'फ्रेडची'. घर बदललं की नाव बदलणार. आपल्यातल्या कितीतरी जणींचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं बदललं. ते हौसेनं झालं असेल, पण विचारलं होतं का कुणी?

दासींना वळण लावायला बायकाच नेमलेल्या असतात. त्यांना 'आंट' म्हणतात, आपल्या भाषेत मावशी. जनावरं हाकायची विजेची काठी त्यांच्या हातात. खरं सांगू, मला अधिकाऱ्यांपेक्षा या मावश्यांचाच जास्त राग आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तरी अजून कितीतरी गावांत हळदीकुंकवाला कुणी यायचं नाही, हे सांगणारं तोंड बाईचंच असतं.

अॅटवूड यांनी सांगितलंय की इतिहासात कुठेच घडलं नाही असं काही पुस्तकात घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

आता मला आवडलेली गोष्ट. दासींना हाताला लावायला क्रीमही मिळत नाही. ही बाई जेवणातला लोण्याचा तुकडा बुटात लपवते आणि रात्री अंगाला चोळते. आणि वळण लावायच्या त्या केंद्रात, मावश्यांचं लक्ष नसलं की बायका अंधारात हात लांब करून शेजारच्या खाटेवरचा हात धरतात. आवाज न करता, नुसते ओठ हलवून एकमेकींना आपली खरी नावं सांगतात. खाटेमागून खाट, सगळ्या खोलीभर.