रस्ता रुंद होतो तेव्हा
(महिला मंडळांच्या मेळाव्यातील भाषण)



रस्ता रुंद करायला माझा विरोध नाही. संध्याकाळी बस तासभर एका जागी उभी राहते आणि घरी पोरं वाट बघत असतात, हे आपण सगळ्याच सोसतो. पण जागा जाते कोणाची आणि मिळते कोणाला, हे आपणच विचारायला हवं.

मुंबईतला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता जागतिक बँकेच्या कर्जातून सहापदरी झाला. कोंडी संपली का? तिथून रोज जाणाऱ्या बाईला विचारा. रस्ता वाढला की गाड्याही वाढतात. आपण मात्र बहुतेक चालतो. शाळेला, रेशनला, कामाला. रुंदीकरणात आधी कापला जातो तो पदपथ. पलीकडे जायला मग पूल देतात, म्हणजे कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन चढायचा जिना!

या प्रकल्पासाठी राज्य सरकारने १९९७ साली पुनर्वसनाचं धोरण केलं. झोपडीच्या बदल्यात २२५ चौरस फुटांचं घर. त्याआधी नुसताच बुलडोझर यायचा, त्या मानाने हे पाऊल मोठं होतं. पण मी पुनर्वसन इमारतींत काम करते, तिथल्या बायका म्हणतात, "घर पक्कं झालं, कामाची घरं सुटली." चार घरची धुणीभांडी पायी जाऊन व्हायची, आता पगारातला मोठा वाटा रिक्षा-बसलाच जातो. त्यांचे जुने फॉर्म आम्ही काढून पाहिले. 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहिलेलं? गृहिणी.

याच प्रकल्पातल्या सांताक्रूझ-चेंबूर रस्त्याच्या बाधितांनी २००४ साली बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. पुढे मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांचा पैसा रोखला, जूनमध्ये पुन्हा सोडला. तक्रारीत कुर्ल्याचे दुकानदार पुढे होते. त्यांच्याकडे संघटना होती, कागद होते. टोपलीवालीकडे काय असतं?

२०१४ च्या फेरीवाला कायद्याने तिला थोडा आधार दिला आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत फेरीवाल्यांना उठवता येत नाही. शहर फेरीविक्री समितीत ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. आपल्या वॉर्डातून त्या जागांवर कोण आहे, हे या आठवड्यात जाऊन विचारा. आणि मोजणीवाले येतील तेव्हा 'कुटुंबप्रमुख' म्हणून नवऱ्याचं नाव घालून फॉर्म मिटू देऊ नका. आपलं नाव, आपलं काम, कामाची जागा, महिन्याची कमाई, सगळं लिहून घ्या आणि पोचपावती मागा. दुपारी आपण कामावर असतो. तेव्हा गल्लीत कोणती शेजारीण घरी थांबणार, ते आजच ठरवू.