योदोकला नेलेली काचपेटी

१९७७ सालचा उन्हाळा. प्योंगयांगमधल्या एका सुखवस्तू घरात सुरक्षा खात्याची माणसं शिरली आणि आजी, वडील, काका, धाकटी बहीण यांच्याबरोबर नऊ वर्षांच्या कांग चोल-ह्वानलाही ट्रकमध्ये चढवलं. पोरानं हट्टच धरला, तेव्हा त्याच्या माशांची काचपेटी तेवढी बरोबर नेऊ दिली. ट्रक निघाला योदोकच्या छावणीकडे. आरोप आजोबांवर, शिक्षा अख्ख्या घराला! आईच्या माहेरची राजकीय पत चांगली, म्हणून तिला मागे ठेवलं आणि तिचा घटस्फोट करवला.

कांग यांचं हे आत्मकथन, ‘दि ॲक्वेरियम्स ऑफ प्योंगयांग’, पिएर रिगुलो यांच्या साथीनं लिहिलेलं आहे. २००० साली ते आधी फ्रेंचमध्ये निघालं. त्यातला सगळ्यात बोचरा भाग छावणीच्या आधीचा. हे कुटुंब उत्तर कोरियात आलं होतं आपल्या पायांनी. आजोबांनी जपानमध्ये, क्योटोत, पाचिंको या खेळाच्या धंद्यावर बक्कळ पैसा केलेला. आजी कट्टर कम्युनिस्ट. १९५९पासून जपानमधून नव्वद हजारांवर माणसं बोटींनी ‘मायदेशी’ नेली गेली, त्यांतलंच हे एक घर. घरच्यांना राजी केलं ते आजीनंच. पुढे मक्याच्या तुटपुंज्या शिध्यावर दिवस काढायची पाळी तिच्यावरही आली. छावणीतली मुलं उंदीर-बेडूक पकडून खात. मासे तिथं कुठले टिकायला?

१९८७मध्ये सुटका झाली. पुढे निमित्त झालं रेडिओचं. उत्तर कोरियात रेडिओ सरकारी केंद्रावरच जखडून वर सील ठोकलेला असतो. कांग आणि त्यांचा मित्र चोरून दक्षिणेची केंद्रं ऐकत. कुणीतरी चुगली केली. अटक होण्याआधी दोघे चीनमार्गे निसटले आणि १९९२मध्ये दक्षिण कोरियात पोचले.

अशी पुस्तकं भाबडेपणानं वाचू नयेत, हेही खरं. शिन दोंग-ह्योक या दुसऱ्या कैद्यानं आपल्या गाजलेल्या हकिकतीतले काही तपशील बदलल्याची कबुली २०१५मध्ये दिली. कांग यांना तर हे पुस्तक वाचून २००५मध्ये अध्यक्ष बुश यांनीच व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. म्हणजे पुस्तकाला राजकारण चिकटलंच. पण योदोक उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसतं, आणि न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्या संयुक्त राष्ट्र आयोगानं २०१४च्या अहवालात अशा छावण्यांबद्दल साक्षीमागून साक्षी नोंदवल्या. प्योंगयांगचं उत्तर ठरलेलं: आमच्याकडे असल्या छावण्याच नाहीत.