नंदी घरचा, सोंगही घरचं

रोवणी आटोपली, बांधीत निंदण सुरू आहे आणि पोळा आठ दिवसांवर आला आहे. आमच्या टोलीतल्या लेकरांनी तर आतापासूनच 'मी काय बनू?' म्हणून डोकं खायला सुरुवात केली आहे. तुमच्या घरीही तेच चाललं असणार. म्हणून आज आमच्या गटातल्या आम्ही चौघीजणी तान्ह्या पोळ्याबद्दलच बोलणार आहोत.

आमच्यातल्या एकीची भाची अमेरिकेत असते. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन असतो. लेकरं भुताखेतांची नाहीतर राजाराणीची सोंगं घेऊन दारोदारी फिरतात, लोक त्यांना गोळ्या-चॉकलेटं देतात, आणि भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. फोनवर हे ऐकून आम्हाला हसू आलं. दारोदारी फिरणारी लेकरं, त्यांची सोंगं, हातावर पडणारा खाऊ, हे सगळं आपल्या तान्ह्या पोळ्याला पिढ्यान्‌पिढ्या आहेच की! लेकरू लाकडाचा नंदी ओढत दारात येतं, आपण नंदीला ओवाळतो आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवतो. आणि त्याच दिवशी पहाटे गावातून मारबत निघते. आपल्याकडे कुणी तिला नारबोदही म्हणतात. रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, माशा-डास घेऊन जा, असं ओरडत पोरं तिला गावाच्या शिवेबाहेर नेतात. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत १८८० च्या दशकापासून निघते, तिला बघायला लाखो लोक जमतात. आपल्या गावची मारबत पळसाच्या फांद्यांची नाहीतर तणसाची, पण काम तेच.

आता मुद्द्यावर येतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या बैठकीत एका बाईने आठशे रुपये कर्ज मागितलं. कशासाठी, तर लेकाच्या ड्रेससाठी. तान्ह्या पोळ्याला वेशभूषा स्पर्धा होती. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात कृष्णाचा ड्रेस भाड्याने मिळत होता, अडीचशे रुपये भाडं आणि पाचशे अनामत. आम्ही कर्ज दिलं. पोरगा छान दिसला. पण त्याने पीतांबरावर शेंदूर सांडला आणि अनामत बुडाली. निंदणाच्या दोन-तीन दिवसांची मजुरी एका संध्याकाळीत गेली, आणि बक्षीस काही मिळालं नाही. बक्षीस मिळालं ते ज्याचा नंदी सगळ्यात उंच होता त्याला.

त्याच दिवशी आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. टोलीतली पाच-सहा लेकरं पोळ्याला आलीच नव्हती. विचारलं तर एक पोरगी म्हणाली, "आमच्याकडे ड्रेस नाही ना." सणाला दारोदारी जाण्याचा हक्क प्रत्येक लेकराचा असतो. तो भाड्याच्या दुकानातून मिळायला लागला, तर त्यात आमचीही चूक होती, कारण टाळ्या आम्हीच वाजवत होतो.

पुढच्या वर्षापासून आम्ही नियम केला. सोंग घरातल्या वस्तूंचं. नंदी लाकडाचा असो, मातीचा असो की पुठ्ठ्याचा, उंचीला बक्षीस नाही. बोजारा सगळ्यांना सारखा. पहिल्या वर्षी दोन-तीन घरं रुसली. एक काका म्हणाले, "तुम्ही सणाची मजा घालवली." आम्ही म्हटलं, बघूया.

आणि मग जी सोंगं आली! एक पोरगी रोवणी करणारी बाई बनून आली. आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावरून पावसात घेतात ती प्लास्टिकची खोळ, हातात धानाच्या रोपांची जुडी. पायाला चिखल मात्र खराखुरा. एक जण पोस्टमन झाला, खाकी पिशवी त्याच्या आजोबांचीच होती. पण अजूनही लोक आठवण काढतात ती सारसाच्या जोडीची.

सारस आपल्या जिल्ह्याचा पक्षी. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदियातच उरला आहे, शेजारच्या जिल्ह्यांत अगदी थोडा. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, माणसाएवढा. ऐन पावसाळ्यात, म्हणजे पोळ्याच्या सुमारालाच, तो धानाच्या बांधीत घरटं करतो. त्यात बहुधा दोनच अंडी असतात. घरट्यापायी थोडं धान मोडतं म्हणून काही ठिकाणी शेतकरी वैतागतात, तेही समजू शकतं. तर या घरच्या बांधीत जोडी उतरायची. नातवाने हट्ट धरला की मी सारस होणार. पण सारस एकटा कसा असेल, तो जोडीनेच दिसतो. मग आजीच तयार झाली! साठी ओलांडलेली बाई, पंख पसरून नातवासोबत चौकात उभी राहिली. हसून हसून आमच्या डोळ्यांना पाणी आलं.

ते सोंग कसं केलं ते सांगतो, कारण नंतर बऱ्याच जणींनी विचारलं. अंगाला आजोबांचं विटून राखाडी झालेलं धोतर, मधोमध दुमडून दोन्ही हातांना सुतळीने बांधलं, ते झाले पंख. सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल असतो. त्यासाठी जुन्या लाल परकराचं कापड डोक्याला टोपीसारखं गुंडाळून मानेपर्यंत आणलं. चेहरा उघडा ठेवला. चोच वहीच्या पुठ्ठ्याची, लांब निमुळती, कपाळावर टोपीच्या काठासारखी शिवली. पायांना त्याच लाल कापडाच्या पट्ट्या. खर्च शून्य. चेहऱ्याला काहीही फासलं नाही, हे मुद्दाम सांगतो. बाजारातल्या चमकीने आणि रंगाने लेकरांच्या गालावर पुरळ उठतं, डोळ्यात गेलं तर आणखी वाईट. रंग कापडाला द्या, कातडीला नको. आणि नाक-तोंड झाकणारा मुखवटा बांधू नका, लेकराला घाम येतो, दिसत नाही, आणि तोंडासमोर आरतीचं ताट असतं.

डिंक विकत आणायची गरज नाही. दोन चमचे तांदळाचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत राहा, खळ तयार होते. कागदाच्या तोरणाला, पुठ्ठ्याच्या नंदीला तीच चालते. मातीचा नंदी करायचा असेल तर बोडीच्या काठची माती घ्या, त्यात मूठभर धानाचा कोंडा मळा म्हणजे भेगा कमी पडतात, आणि वाळवा सावलीत. मागच्या वर्षी एकीने घाईत उन्हात ठेवला, नंदीची शिंगं गळून पडली. पोरगं रडलं. मग त्याला म्हटलं, हा गाय आहे असं सांग!

एक गोष्ट जरा गंभीर आहे. मागच्या वर्षी एक लेकरू टीव्ही बघून चेटकीण बनून आलं. काळं लुगडं, केस मोकळे. आम्ही त्याच्या आईला बाजूला घेऊन बोललो. दूरच्या देशात ही गंमत असेल. आपल्या भागात मात्र त्याच शब्दाने बायकांना मारहाण झाली आहे, घराबाहेर काढलं आहे. एकटी बाई, म्हातारी बाई, जमिनीचा वाद असलेली बाई, अशाच बायका त्यात सापडतात. शिवेपलीकडे छत्तीसगडात टोनही म्हणतात, तिथे २००५ साली त्याविरुद्ध कायदा झाला. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मारबतीच्या दिवशीही काही पोरं एखाद्या बाईच्या दारापुढे मुद्दाम थांबून ओरडतात. गेल्या वर्षी आम्ही चौघी त्या वेळी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. पोरं पुढे निघून गेली. यंदाही बसणार आहोत.

आता बोजारा. पैसे दिले की कुठे दहा, कुठे पन्नास, लेकरं लगेच मोजतात. म्हणून आमच्या टोलीत कोहळ्याचे बोंडं देतो. शिवाय सालेकसा, देवरीकडच्या आमच्या छत्तीसगडी मैत्रिणी ठेठरी-खुर्मी करून आणतात. बोंडांचं प्रमाण असं. लाल कोहळ्याच्या फोडी साल काढून वाफवा. कुस्करून दोन वाट्या भरला की गरम असतानाच एक वाटी चिरलेला गूळ मिसळा, विरघळू द्या. पूर्ण थंड झालं की चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ, दोन चमचे गरम तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक घाला, साधारण दोन ते अडीच वाट्या. पाणी अजिबात नको. भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवं. मंद आचेवर तळा. आच मोठी झाली तर गुळामुळे बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. दोन दिवस चांगले राहतात, अर्थात उरले तर.

यंदा रविवारी दुपारी आम्ही शाळेच्या ओसरीत सोंगं शिवायला बसणार आहोत. जुनी लुगडी, धोतरं, पुठ्ठे, फुटक्या टोपल्या, जे असेल ते आणा. सासूबाईंनाही आणा, मामंजींनाही चालेल. ज्यांच्या वेलावर कोहळं आहे त्यांनी एक आणा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी गूळ. ज्यांच्या घरी लेकरू नाही त्यांनीही या, सुई ओवायला माणसं लागतात. आणि सुतळी मात्र प्रत्येकीने आणा, मागच्या खेपेला तीच संपली होती.