मदत नव्हे, देणं

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानं आपल्या डोंगरातला हिरडा झोडपला. हिरडा विकून मीठमिरची भागवणाऱ्या घरांचं नुकसान झालं. समुद्र तापतोय, तशी वादळं जोर धरतायत. पण तापवणारा धूर कुणाचा? आजवर सर्वांत जास्त श्रीमंत देशांचा. आपल्या चुलींचा नव्हे. २०२२ साली इजिप्तमधल्या परिषदेत गरीब देशांच्या नुकसानीसाठी निधी उभारायचं ठरलं. आम्ही म्हणतो, ही भीक नाही, देणं आहे.

आता आपल्याकडे बघू. डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं, तेव्हा खालची शेतं भिजली. त्या पाण्यावर पिकवणारे आपणही वरच्या गावांचं देणं लागतो. बचत गटाचा हप्ता आपण बुडवत नाही. मग हे देणं का बुडवावं?