करपा, पण नेमका कोणता?

आजचा विषय डेटाबेसचा आहे, पण सुरुवात करू हरभऱ्यापासून.

हरभऱ्यावरची घाटेअळी कपाशीवर दिसली की आपण तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतो. तुरीवर ती शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. कीड एकच, हेलिकोवर्पा आर्मिजेरा. शेतकऱ्यासाठी ही नावं सोयीचीच आहेत, अळी कुठे नुकसान करते ते नावातच कळतं. सॉफ्टवेअरला मात्र या चार वेगळ्या किडी वाटतात. मग तालुक्यात ही अळी किती वाढलीय, याचा हिशोबच लागत नाही.

यासाठी ईपीपीओ कोड आहेत. ईपीपीओ ही युरोप आणि भूमध्यसागरी भागातल्या देशांची वनस्पती संरक्षण संघटना, १९५१ मध्ये स्थापन झालेली, मुख्यालय पॅरिसला. हे कोड मुळात बायर कंपनीने तयार केले, पुढे ते या संघटनेकडे आले. वनस्पतीला ५ अक्षरं, कीड किंवा रोगकारकाला ६. आपल्या घाटेअळीचा कोड आहे 'एच ई एल आय ए आर'. कोड मोफत वापरता येतात.

आता कुणी म्हणेल, शास्त्रीय नाव आहे की, मग कोड कशाला? तर शास्त्रीय नावंही बदलतात. टोमॅटो आधी लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम होता, आता सोलॅनम लायकोपर्सिकम आहे. कोड मात्र जुन्या नावावरून पडलेला 'एल वाय पी ई एस' हाच राहिला. त्यामुळे जुन्या नोंदी बाद होत नाहीत.

खरी गंमत उलट्या बाजूला आहे. टोमॅटोवर 'करपा' म्हटलं तर दोन कोड समोर येतात. लवकर येणारा करपा अल्टरनेरिया बुरशीचा, 'ए एल टी ई एस ओ'. उशिरा येणारा फायटोप्थोराचा, 'पी एच वाय टी आय एन'. दोघांची औषधं सारखी नाहीत. मेटॅलॅक्झिल हा घटक फायटोप्थोरासाठी आहे, अल्टरनेरियावर तो चालत नाही. म्हणजे ॲपने अंदाजाने एक कोड निवडला, तर फवारणीचे पैसे वाया आणि रोग पसरायला मोकळा.

म्हणून शेतीचं ॲप बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: 'करपा' हा शब्द काढून टाकू नका, आणि शेतकऱ्याला कोडही दाखवू नका. दोन कोड सापडले की एक साधा प्रश्न विचारा. खालच्या जुन्या पानांवर एकात एक वलयं असलेले डाग आहेत, की पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग आणि दमट हवेत पानामागे पांढरी बुरशी? उत्तर आल्यावरच कोड नोंदवा, आणि तरीही शंका राहिली तर फोटो कृषी सहायकाकडे जाऊ द्या.

कोड रोग ओळखून देत नाही, तो फक्त ओळखलेल्या रोगाची नोंद पक्की ठेवतो. ओळखायला शेतकऱ्याचीच भाषा लागते.

तुमच्याकडे एकाच अळीला किंवा रोगाला कोणती वेगवेगळी नावं आहेत? पिकाच्या नावासकट नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!